गोठ्यातला लोखंडी बैल

(तिवसा येथील शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही बोलायला उभे राहिलो की तुम्हाला वाटते, आता कापसाचा भाव, कर्ज आणि वीजबिल यांचा पाढा सुरू होणार. तो पाढा संपलेला नाही. पण रोहिणी लागायला महिनाच उरला आहे, म्हणून आज वेगळ्या विषयावर बोलायचे आहे.

मोझरीहून इकडे येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना छोटे ट्रॅक्टर उभे दिसले. कोणाच्या सायलेन्सरवर डबा पालथा घातलेला, कोणाचा उघडाच. कोणी मित्सुबिशी शक्ती, साडेअठरा अश्वशक्तीचा. कोणी युवराज २१५, पंधरा अश्वशक्तीचा, एका सिलिंडरचा. संत्र्याच्या ओळींतून फिरावा म्हणून घेतलेला हा बगीच्यातला ट्रॅक्टर आता कोरडवाहू पऱ्हाटीत डवरणीलाही जातो. बैलजोडी परवडत नाही, सालदार मिळत नाही, मोठा ट्रॅक्टर ओळीत मावत नाही. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या हाताचा का होईना, आपण हा लोखंडी बैल गोठ्यात आणला.

बैलाला पोळ्याला आपण न्हाऊ घालतो, खांदे शेकतो. या बैलाला मात्र तो बसल्याशिवाय हात लावत नाही. आणि तो बसतो केव्हा? आपली जमीन काळी. पाऊस उघडला की वापसा यायला चार दिवस, आणि डवरणीला मिळतात दोन. पुन्हा पाऊस आला की तण पऱ्हाटीच्या वर. त्या दोन दिवसांत ट्रॅक्टर मिस्त्रीकडे असला, तर नुकसान फक्त दुरुस्तीच्या बिलाचे नसते. पुढच्या निंदणाची मजुरी आणि घटलेले पीक, दोन्ही त्यातच धरावे लागतात.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. आम्ही शेतकीची पदवी घेतली, परीक्षेत इंजिनाचा छेद सुबक काढला, गुणही मिळवले. पण घरी जुना ट्रॅक्टर आणला तेव्हा दोन हंगाम एअर क्लीनरची वाटी उघडून पाहिली नाही. तिसऱ्या वर्षी ऐन डवरणीत इंजिनाने दम सोडला. वाटी उघडली तर आत तेल नव्हतेच, काळ्या मातीचा घट्ट चिखल होता. लायनर, पिस्टन, रिंगा सगळे घासलेले. दोष ना कंपनीचा, ना मिस्त्रीचा. दोष आमचाच.

तेव्हा पहिली गोष्ट हवेची. इंजिन जितके डिझेल पिते त्याच्या कितीतरी पट हवा ओढते, आणि उन्हाळ्यात वखरताना ती हवा म्हणजे निम्मी धूळ. जुन्या ट्रॅक्टरला तेलाची वाटी असते. आत आलेली हवा तेलावर आपटून वर वळते, धूळ तेलात बसते. धुळीच्या कामात ही वाटी रोज संध्याकाळी उघडून पाहा. तळाला गाळ बसला असेल तर वाटी आणि जाळी डिझेलने धुवा आणि खुणेपर्यंतच नवे तेल भरा. खुणेच्या वर भराल तर इंजिन तेच तेल ओढून घेईल. कागदाचा फिल्टर असेल तर तो धुवायचा नाही, आतून बाहेर हलकी हवा मारायची, आणि फाटला की बदलायचा. फिल्टरपासून इंजिनापर्यंतचा रबरी पाइपही हाताने चाचपा. त्याला चीर असेल तर फिल्टर नवा असूनही धूळ थेट पोटात जाते.

दुसरी गोष्ट तेलाची. डिझेल इंजिनाचे तेल थोड्याच दिवसांत काळे होते, त्यावरून काही ठरत नाही. हिशोब तासांचा ठेवा. पुस्तिकेत दिलेले तास पाळा. बहुतेक ठिकाणी ते अडीचशेच्या आसपास असतात. मीटर बंद असेल तर भिंतीवर रेघा मारा. रोज आठ तास धरले तर महिन्यात २४० तास होतात. तेल दुधाळ चहासारखे दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. इंजिन चालवू नका, मिस्त्री बोलवा.

तिसरी पाण्याची. रेडिएटरच्या जाळीत कापसाचा तंतू आणि ज्वारीचे कुटार अडकते आणि इंजिन तापते. जाळी इंजिन थंड झाल्यावरच साफ करा. तापलेले झाकण उघडून तोंड भाजून घेऊ नका. आत विहिरीचे जड पाणी घालू नका. अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातल्या भावांनी तर मुळीच नाही. आत क्षार बसतो. तयार कूलंट घाला. तो मिळेपर्यंत पत्र्यावरचे पावसाचे पाणी, पहिली धार सोडून, गाळून ठेवलेले बरे.

डिझेलचे थोडक्यात. टाकी रिकामी ठेवून ट्रॅक्टर उभा करू नका, आत दव धरते, आणि ते पाणी पंप-नोझल खाते. फिल्टरखालची वाटी आठवड्याला सोडून पाणी काढा.

धूरही बोलतो, तो ऐका. काळा धूर म्हणजे हवा कोंडली, नोझल बिघडले किंवा ओझे जास्त. निळा म्हणजे इंजिन तेल जाळते आहे. जुना ट्रॅक्टर घेताना तो गरम करून तेल भरण्याचे झाकण उघडा. आतून धुराचे भपके येत असतील तर रिंगा गेल्या समजा आणि तो खर्च किमतीतून कापा. रंगाला भुलू नका.

आता हिशोब. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता. दुरुस्तीचे बिल तीस हजार झाले, तर हमीभावानेही पावणेचार क्विंटल कापूस मिस्त्रीच्या दारात टाकावा लागतो. आणि हमीभाव आपल्यातल्या किती जणांच्या हातात पडतो, ते तुम्हीच सांगा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या टायरवरचा आणि ठराविक सुट्या भागांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. दहा हजारांच्या मालावर तेराशे रुपयांचा फरक. तो फरक आपल्या खिशात आला की वाटेत जिरला, हे पक्क्या बिलाशिवाय कळणार नाही. म्हणून पक्के बिल मागा. मागायला लाजू नका, तो तुमचाच पैसा आहे.

शेवटी काम सांगतो. येत्या पंधरा दिवसांत प्रत्येक गावाने एक दिवस ठरवावा. गावातले सगळे छोटे ट्रॅक्टर एका निंबाखाली आणावेत, मिस्त्रीला एकत्र मजुरी ठरवून बोलवावे, तेल-फिल्टर एकदमच आणावे. प्रत्येक घरच्या एका पोराने आणि एका पोरीने वाटी उघडायला, फिल्टर बदलायला, डिझेलमधली हवा काढायला तिथेच शिकावे. ज्याला पुढे शिकायचे आहे त्याच्यासाठी मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण संस्था १९५५ पासून आहे.

पाऊस आपल्या हातात नाही, भावासाठी लढावेच लागणार आहे. पण एअर क्लीनरची वाटी आपल्या हातात आहे. आज घरी गेल्यावर जेवणाआधी ती उघडा. आत काय निघाले, ते पुढच्या बैठकीत येऊन सांगा.