सापाच्या विषातील किल्ली
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण)



विषय शास्त्राचा आहे, पण हृदयविकार आता कोणत्याच घराला परका राहिलेला नाही, म्हणून तो मुद्दाम निवडला.

आपल्या शरीरातील पेशी एकमेकींना आणि भोवतालच्या तंतूंना धरून असतात. पोलक्याला हूक आणि हुकाचे घर असते ना, तसे तंतूंवर हूक आणि पेशींच्या अंगावर घरे. या घरांना इंटेग्रिन म्हणतात. माणसात त्यांचे २४ प्रकार आहेत.

हूक कोणता, हे शोधले कॅलिफोर्नियातील ला होया येथे मायकेल पियर्शबाकर आणि एर्की रुओस्लाहती यांनी. त्यांनी फायब्रोनेक्टिन नावाचे प्रथिन घेतले. त्याच्या माळेत दोन हजारांहून अधिक मणी. शास्त्रज्ञ त्यांना अमिनो आम्ले म्हणतात. ही माळ तोडायची, एकेक तुकडा बशीला लावायचा, त्यावर पेशी सोडायच्या आणि मग बशी धुवायची. धुऊनही पेशी राहिल्या, तर हूक त्याच तुकड्यात! तांदूळ निवडणाऱ्या बाईला ही चिकाटी सांगायला नको. १९८४ साली हाती उरले चार मणी. त्यांतले पहिले तीन, आर्जिनिन, ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल, हेच हुकाचे खरे टोक. अशा लहान माळेला पेप्टाइड म्हणतात. आणि गंमत पाहा, हीच माळ द्रवात मोकळी सोडली की घरे तीच अडवून बसते आणि पेशी चिकटेनाशा होतात.

रक्तातील बिंबिकांवर, म्हणजे प्लेटलेट्सवर, असेच घर असते. बोट कापले की बिंबिका त्याच्या आधारे एकमेकींना धरतात आणि रक्त थांबते. पण तीच गुठळी हृदयाच्या धमनीत झाली, तर झटका येतो. तेथे ही माळ वापरावी, तर ती नको त्या घरांतही शिरते. मग रॉबर्ट स्कारबरो आणि सहकाऱ्यांनी साठांहून अधिक सापांची विषे तपासली. बहुतेक विषे बिंबिकांना अडवीत, पण इतर घरांनाही सोडीत नसत. अमेरिकेतील एका ठेंगण्या रॅटलस्नेकचे विष तेवढे वेगळे निघाले. त्यात आर्जिनिनच्या जागी लायसिन होते. एका मण्याचा फरक! हे १९९१ साली प्रसिद्ध झाले. त्याच नमुन्यावर प्रयोगशाळेत इप्टिफिबॅटाइड हे औषध घडवले आणि १९९८ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. सापाने मारण्यासाठी राखलेली वस्तू माणसाने तगण्यासाठी वापरली, याचे मला फार कौतुक वाटते.

हे औषध गोळीचे नव्हे. ते इस्पितळात शिरेतूनच देतात, आणि तेही आता सरसकट नाही, डॉक्टरांना गरज वाटेल तेव्हाच. छातीत दाब, धाप, जबड्यात कळ, मळमळ, याला आपण बायका ‘पित्त झाले’ म्हणून ओवा चावत बसतो. तसे बसू नका, लगेच निघा. या औषधाने रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला असेल किंवा मूत्रपिंडासाठी डायलिसिस चालू असेल, तर सोबत गेलेल्या माणसाने ते दारातच डॉक्टरांना सांगावे. जुने कागद घरात कोठे ठेवले आहेत, तेही सुनेला आजच दाखवून ठेवा.