घराण्यातली शुगर



मोर्शीसारख्या तालुक्याच्या गावी डॉक्टरांचं अधिवेशन भरलं आहे.  त्यात थेट कामाचंच बोलू.

"आमच्या घरी सगळ्यायलेच शुगर हाये, डाक्टरसाहेब." हे आपण सगळेच रोज ऐकतो आणि रोग आनुवंशिक आहे असं ठरवून मोकळे होतो. पण घराण्यात असणं म्हणजे रक्तात असणं नव्हे. दाजीसाहेब पटवर्धनांचं कुष्ठरुग्णांसाठीचं तपोवन ज्या आपल्या अमरावती जिल्ह्यात आहे, तिथे तर हे पक्कं ठाऊक असायला हवं. कुष्ठरोग एकाच घरात दोघा-तिघांना व्हायचा म्हणून नॉर्वेतले नामांकित डॉक्टरही त्याला आनुवंशिक समजत. १८७३ मध्ये तिथल्याच डॉ. हॅन्सेनने या रोगाचा जंतू दाखवला. गंमत पुढेच आहे. त्या जंतूच्या सहवासात आलेल्या बहुतेकांना रोग होतच नाही, आणि कोणाला होतो त्यात जनुकांचाही हात आहे, हे २००९ मध्ये चीनमधल्या अभ्यासात दिसलं. दोन्ही बाजूंचे पंडित अर्धेच बरोबर होते!

विदर्भातला सिकलसेल त्या मानाने सरळ. बीटा ग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदलतं, आईबापांकडून दोन्ही प्रती तशाच आल्या की रोग होतो. तरीही अशा दोन्ही प्रती बदललेल्या, म्हणजे एसएस असलेल्या दोन सख्ख्या भावांपैकी एक सारखा भरती होतो आणि दुसरा वावरात राबतो. गर्भातलं हिमोग्लोबिन कोणात किती टिकलं यावर पुष्कळ अवलंबून असतं, आणि तो कारभार वेगळ्याच जनुकांकडे आहे.

एका अक्षराच्या रोगाची ही तऱ्हा. मधुमेहात असे शेकडो बदल सापडलेत, बहुतेकांचा वाटा जेमतेम. शिवाय तेच जनुक सगळीकडे सारखं वागत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून सहा खेड्यांतल्या मातांचा आणि मुलांचा पाठपुरावा केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची, आपल्या बाळांत स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने राखलेली. पुढे याच गटाने हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेबरोबर एफटीओ हे जनुक तपासलं. युरोपात ते लठ्ठपणाच्या वाटेने मधुमेहाकडे नेतं. आपल्याकडे वजनाचा परिणाम वजा केला तरी त्याचं मधुमेहाशी नातं उरलंच.

एकच जनुक जागेनुसार वेगळं वागतं, हे आपल्या संत्राबागायतदाराला नवं वाटणार नाही. एकाच झाडाचे डोळे जंभेरीच्या खुंटावर बांधून केलेली कलमं; एक निचऱ्याच्या जमिनीत, दुसरं पाणी साचणाऱ्या. डिंक्या रोग दुसऱ्याला गाठतो. माणसाला असं दोन वावरांत लावून बघता येत नाही, म्हणून संशोधकाचे हाल.

त्यात आपली लग्नं पिढ्यान्‌पिढ्या जातीतच. जनुकांच्या तुलनेसाठी मधुमेही मोर्शी-वरूडच्या एखाद्या समाजातले घेतले आणि निरोगी माणसं मेळघाटच्या कोरकूंतली, तर संगणक भरपूर फरक काढून देईल. ते फरक पूर्वजांचे असतील. रोगाबद्दल त्यातून काहीच कळणार नाही. जगातले असे बहुतेक मोठे अभ्यास तर युरोपीय वंशाच्या लोकांवरचेच आहेत. त्यामुळे जीनोम इंडिया या प्रकल्पाने ८३ समाजगटांतल्या सुमारे दहा हजार लोकांचे जीनोम वाचून जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली केली, हे मोठंच काम झालं. मधुमेहासाठी दहा हजार थोडे आहेत, पण सुरुवात आपल्या माणसांपासून झाली.

मात्र जीनोम वाचणाऱ्या यंत्राला पेशंटचं आयुष्य दिसत नाही. ते आपल्यालाच दिसतं, आणि आपणच ते लिहीत नाही. शुगर कितव्या वर्षी निघाली, तेव्हा वजन आणि कंबर किती होती, आईकडून की वडिलांकडून, जन्माचं वजन माहीत आहे का, नात्यात लग्न आहे का, एवढं तरी केसपेपरवर नीट उतरलं पाहिजे. ही माहिती कुठल्याही संशोधनाला देताना पेशंटला त्याच्या भाषेत समजावून त्याची संमती घ्या. त्याखेरीज एक कागदही बाहेर जाऊ देऊ नका. सोमवारच्या ओपीडीपासून हे सुरू करा, अशी माझी आपणा सर्वांना विनंती आहे.