सावलीत फुलणारं पेव



आंब्या-फणसाखालच्या सावलीत काही फुलत नाही, अशी तुमची तक्रार आहे का?
मग तिथं पेव लावून बघा.

पेव ही सह्याद्रीच्या रानातली वनस्पती.
पावसाळ्यात ओढ्याकाठी, झाडांच्या आडोशाला ती हमखास दिसते.
तिचं खोड जरा निरखून पाहा.
पानं त्याच्याभोवती गोल जिन्यासारखी चढत जातात.
पानाच्या खालून बोट फिरवा. मऊ, रेशमी लव लागते.
शेंड्याला लालसर कणीस येतं.
त्यातून चुरगळलेल्या कागदासारखी पांढरी फुलं उमलतात.

लावायचं कसं?
मे महिन्याच्या अखेरीस कंदाचा तुकडा घ्या.
त्याला एक तरी डोळा हवा.
मातीत शेणखत आणि कुजलेला पालापाचोळा मिसळा.
दोन-तीन बोटं खोल कंद पुरा.

एवढं लक्षात ठेवा.
सावली हवी, ओल हवी, पण पाणी साचायला नको.
पाणी साचलं, की कंद कुजतो.

आणखी एक.
हिवाळ्यात पानं पिवळी पडतात.
उन्हाळ्यात जमिनीवर काहीच उरत नाही.
झाड मेलं म्हणून जागा खणू नका!
कंद खाली जिवंत असतो. पावसाबरोबर तो पुन्हा फुटतो.

तर मंडळी, पुन्हा सांगते.
सावली हवी, ओल हवी, पाणी साचायला नको.

कंद मात्र रानातून उपटून आणू नका.
रोपवाटिकेतून घ्या, नाहीतर शेजाऱ्यांकडे मागा.