दिव्याच्या बटणामागील अरण्य



सायंकाळीं आपण भिंतीवरील बटण दाबतों आणि खोली उजळते. महिनाअखेर बिल येतें, तें आपण भरतों आणि हिशेब मिटला असें समजतों. परंतु या हिशेबाचा एक भाग बिलावर कधींच छापलेला नसतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यप्रदेशाच्या नांवें तो मांडला जातो. १९८२ पर्यंत हा सारा प्रदेश एकच जिल्हा होता.

चंद्रपूर शहराला लागूनच २,९२० मेगावॅट क्षमतेचें औष्णिक वीजकेंद्र आहे. त्याची वीज राज्याच्या जाळ्यांत मिसळून दूरदूरच्या शहरांना पोंचते. कोळशापासून एक युनिट वीज करण्यास सुमारें ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. महिना २०० युनिटें वापरणाऱ्या कुटुंबाची सारी वीज कोळशाचीच धरली, तर त्याच्या वांट्यास सुमारें १३० किलो कोळसा येतो. या भागांत खाणी, वीजकेंद्र, वस्ती आणि ताडोब्याचें रान हीं एकमेकांना इतकीं खेटून आहेत, कीं २०२२ च्या फेब्रुवारींत वीजकेंद्राच्या आवारांतच वाघानें एका कामगाराचा बळी घेतला. आपल्या घरांतील उजेडाशीं त्या घटनेचा कांहींच संबंध नाहीं, असें आपणांस खात्रीनें म्हणतां येईल काय?

आतां गडचिरोली जिल्ह्यांत, धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गोंडांच्या लहानशा गांवीं चला. वनहक्क कायद्यान्वयें २००९ मध्यें सुमारें १,८०० हेक्टर वनावर या गांवाचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि २०११ पासून गांव आपला बांबू आपणच विकूं लागलें. परंतु हा हक्क कागदावर येण्यापूर्वीं कित्येक वर्षें गांवकऱ्यांनीं स्वतःलाच बंधनें घालून घेतलीं होतीं. वनांतून न्यावयाचें तें गरजेपुरतें. वनाची राखण गांवानेंच करावयाची. बाहेरच्यानें ग्रामसभेस विचारल्यावांचून वनास हात लावावयाचा नाहीं. मध काढतांनाहि माशा मरूं नयेत, अशी रीत त्यांनीं अभ्यासानें बसविली. आणि हे निर्णय बहुमताच्या बळावर नव्हे, सर्वांच्या संमतीनें होतात.

ज्यांच्या दाराशीं अरण्य आहे ते मोजून घेतात आणि ज्यांनीं तें डोळ्यांनीं पाहिलेंहि नाहीं ते आपण न मोजतां घेतों, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

मग आपण काय करावें? माझी सूचना साधी आहे. दर महिन्याला विजेचें बिल आलें, कीं घरांतील लहानथोरांनीं एकत्र बसून तें मोठ्यानें वाचावें. मागील महिन्यापेक्षां युनिटें कां वाढलीं, हें मुलांनाहि विचारावें. जुना पंखा ७५ वॅटचा असतो, नवा सुमारें ३० वॅटचा मिळतो. रोज बारा तास चालणारा एक पंखा बदलला, तर महिन्याला सोळा युनिटें, म्हणजे सुमारें दहा किलो कोळसा वांचतो. तीच गोष्ट कागदाची. बल्लारपूरच्या गिरणीनें वर्षानुवर्षें याच रानांतील बांबूचा कागद केला. तेव्हां वहीची मागील कोरी पानें फाडून नवी वही घेण्यापूर्वीं थोडें थांबावें. आजोबांचें सागवानी कपाट मोडीत काढण्यापेक्षां सुताराकडून नीट करून घ्यावें.

कोणी म्हणेल, कारखाने एवढी वीज जाळतात, तेथें एका घरानें काय होणार? शंका रास्त आहे. कारखान्यांना व सरकारला जाब हा विचारलाच पाहिजे. परंतु स्वतःचा हिशेब ज्यानें कधीं पाहिला नाहीं, त्याच्या प्रश्नाला वजन कोठून येणार? मेंढ्याच्या लोकांनीं आधीं आपली शिस्त दाखविली आणि मगच ते आपला हक्क ठामपणें मागूं शकले.

हें भाषण संपल्यावर आपण रेडिओ बंद कराल. त्याच वेळीं शेजारच्या रिकाम्या खोलींतील दिवाहि मालवावा, एवढीच विनंति.