घाल की रं गाडी!

ज्वालामुखीच्या प्रदेशात गाडी चालवायला आइसलँडच कशाला पाहिजे? आपलं कोरेगाव लाव्ह्यावरच वसलंय. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचले, त्याचाच हा काळा दगड.

ऑगस्टमध्ये आम्ही चौघं दोन फोर बाय फोर घेऊन चाळकेवाडीच्या पठारावर गेलो. सातारा, ठोसेघर, मग पवनचक्क्या. चौकीवर विचारून कच्च्या रस्त्याला लागलो. लो गिअर, टायरमधली हवा थोडी कमी, खाली जांभा. धुकं एवढं, की पुढच्या गाडीचे फक्त लाल दिवे दिसायचे आणि वरनं पात्यांचा घुमणारा आवाज. लय भारी!

एका वळणावर रस्त्याच्या कडेला सपाट, मोकळा सडा लागला. मित्र म्हणाला, "घाल की रं गाडी, कोण बघतंय?"

मी उतरून बघितलं. खडकावर माती जेमतेम बोटभर. साचलेल्या पाण्यात वायतुरा फुललेला, इंग्रजी वाय अक्षरासारखा दुहेरी तुरा. शास्त्रीय नावातच सातारा आहे, ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. सह्याद्रीतली अशी मोजकी पठारं सोडली, तर जगात कुठंच नाही. त्याचा कंद त्याच बोटभर मातीत. चाक फिरलं की माती सुटते, आणि उरलेली पाऊस घेऊन जातो.

"कासवर घातली असतीस का?" मी विचारलं. कास २०१२ पासून जागतिक वारसा आहे ना, तिथं सगळेच शहाणे.

गाडी रस्त्यावरच राहिली. गडी ठोसेघरच्या चहापर्यंत बोलला नाही. भजी मात्र माझ्याच प्लेटमधली खाल्ली.