मालिकेचं इतिवृत्त: आठवड्याला एकच व्हिडिओ, पण वेळेत

(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील मार्गदर्शनाचा संपादित भाग)



मालिकेत काय झालं ते थोडक्यात सांगणारे यूट्यूब व्हिडिओ आपल्यातल्या काही जणी करतात, काही जणींना करायचे आहेत. काम चांगलं आहे. पण रोज रात्री बारा वाजतात, सकाळी उठवत नाही आणि पंधरा दिवसांत उत्साह संपतो. म्हणून या कामाची घडी कशी बसवायची, तेवढंच आज बोलते.

पहिलं म्हणजे, रोजचा व्हिडिओ करू नका. आठवड्याचा एक करा. पेरणी, लग्नसराई, गेलेली लाईट यांमुळे ज्यांचे भाग चुकतात, त्यांना आठवड्याचा सारांशच हवा असतो. आणि तुमची झोप वाचते.

दुसरं, हे काम तुम्हाला आधीच येतं. गटाची सचिव इतिवृत्त लिहिते ना? दोन तास चर्चा होते, वहीत एक पान उतरतं. कोण काय बोललं, काय ठरलं, काय बाकी राहिलं. चहा कुणी आणला ते आपण लिहीत नाही. मालिकेचा सारांश असाच लिहायचा.

रोज मालिका बघताना वही जवळ ठेवा. भाग संपला की लगेच पाच ओळी लिहा: कोणी काय केलं, कुणाला काय कळलं, कुणाचं कुणाशी बिनसलं, काय उलटलं, शेवट कुठे सोडला. सहा दिवसांच्या तीस ओळी होतात. रविवारी त्यातल्या वीसच ठेवा. उरलेली जागा तुमच्या मताची. सासूचं वागणं पटलं का? सुनेने सही करायच्या आधी कागद वाचायला हवा होता का? बायका तुमचं चॅनल बघतील त्या या बोलण्यासाठी. नुसती गोष्ट तर कुणीही सांगेल.

सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण १२० शब्द होतात. म्हणजे पाच मिनिटांना ६०० शब्द. लिहिलेलं त्यापेक्षा जास्त असेल तर रेकॉर्डिंगच्या आधीच कापा.

आता आवाज. फोन फ्लाइट मोडवर टाका, पंखा बंद करा. भिंतीला गोधडी टांगली की आवाज घुमत नाही. फोन तोंडापासून वीतभर लांब धरा. सगळं एका दमात बोलू नका. एकेक परिच्छेद वेगळा रेकॉर्ड करा आणि फाइलला १, २, ३ असे नंबर द्या. चुकलं तर तेवढाच तुकडा परत करायचा.

चित्रं सगळ्यात शेवटी. आधी आवाज जोडून घ्या, मग त्याच्यावर चित्र बसवा. पात्रांच्या नावांच्या पट्ट्या, कोण कुणाचं कोण हे दाखवणारा तक्ता एकदाच हाताने काढून फोटो ठेवा. दर आठवड्याला तेच वापरता येतात. तिघी असाल तर काम वाटून घ्या: एक लिहील, एक बोलेल, एक जोडेल. टाकण्याआधी मालिका न बघणाऱ्या एखाद्या ताईला दाखवा. तिला कळलं, तर सगळ्यांना कळेल.

आता नीट ऐका. टीव्हीवरचं दृश्य मोबाइलने टिपून व्हिडिओत लावू नका. कलाकारांचे फोटो नकोत, मालिकेचं संगीतही नको. त्यावर वाहिनीचा किंवा निर्मात्याचा हक्क असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, कलम ५२ मध्ये, समीक्षेसाठी मर्यादित वापराला वाव आहे. पण भाग कापून-जोडून दाखवणं म्हणजे समीक्षा नव्हे. खाली ‘सर्व हक्क वाहिनीचे’ असं लिहिलं म्हणून सुटका होत नाही. मालकाने तक्रार केली की व्हिडिओ काढला जातो आणि स्ट्राइक मिळतो. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले, तर चॅनलच बंद होऊ शकतं. तिघींची वर्षभराची मेहनत एका दिवसात जाते. म्हणून आपले शब्द, आपला आवाज, आपली चित्रं.

पैशाचं स्पष्ट सांगते. जाहिरातीचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर लागतात आणि मागच्या १२ महिन्यांत लोकांनी ४,००० तास बघितलेलं असावं लागतं. (शॉर्ट्सची अट वेगळी आहे.) हिशोब करा: ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. पाच मिनिटांचे व्हिडिओ ४८,००० वेळा पूर्ण बघितले गेले, तर तेवढे तास भरतात. होत नाही असं नाही, पण वेळ लागतो. तोपर्यंत गटाचं कर्ज काढून कॅमेरा, लाईट घेऊ नका. घरातला फोन पुरतो.

आणि सुरुवातीलाच ठराव लिहा. चॅनल कुणाच्या ईमेलवर आहे, पैसे कुणाच्या खात्यात येतील, वाटणी कशी, एखादी सोडून गेली तर काय. पासवर्ड सगळ्यांना वाटू नका. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये दुसऱ्या ताईला परवानगी देऊन काम करता येतं. पैसे आल्यावर ठराव लिहायला बसलात, तर मालिका आपल्याच घरात सुरू होईल!

पुढच्या सभेला येताना एका आठवड्याच्या तीस ओळी लिहून आणा. त्यातल्या वीस कोणत्या ठेवायच्या, ते आपण मिळून ठरवू.