झिजलेले चक्र आणि आपले हात

(अमेरिकेतील मराठी कुटुंबांच्या विजयादशमी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



खंडेनवमीला आपण शस्त्रांची आणि अवजारांची पूजा करतो. या परदेशातही आपण ती प्रथा सांभाळली आहे. गाडीला हार घालता, संगणकाला हळदकुंकू वाहता. पण ज्या अवजाराला एक दिवस फूल वाहायचे, त्याला वर्षभर हातही लावायचा नाही, ही पूजा अपुरी आहे. म्हणून आज तुमच्या रोजच्या परिचयातल्या एका यंत्राविषयी, गॅरेजचे दार उघडणाऱ्या ओपनरविषयी, बोलणार आहे.

वर सरकणारे दार आणि पुढे १९२६ मध्ये विजेवर चालणारा ओपनर, ही सी. जी. जॉन्सन या अमेरिकन संशोधकाची देणगी मानली जाते. आज बटण दाबले की दार वर जाते आणि आपण श्रेय मोटरला देतो. वस्तुतः दोन गाड्यांच्या गॅरेजचे दार बहुधा दीडशे पौंडांहून जड असते. तो भार पेलते ती दारावरची ताणलेली स्प्रिंग. मोटर केवळ चालना देते. आवाज एकाचा आणि भार दुसऱ्याचा, हे संघटनेत काम करणाऱ्यांना वेगळे समजावून सांगायला नको!

दोष ओळखावा कसा?

साखळीवर चालणाऱ्या बऱ्याच ओपनरमध्ये मोटरच्या दांड्यावर पोलादी वर्म असतो. तो नायलॉनचे दातेरी चक्र फिरवतो, आणि त्या चक्रामुळे साखळी ओढली जाते. पोलाद आणि नायलॉन यांच्या घर्षणात झिजते ते नायलॉन. काही वर्षांनी दाते गुळगुळीत होतात. मग मोटर गुणगुणते, दिवा लागतो, पण साखळी जागची हलत नाही. झाकण काढल्यावर आत पांढरा भुगा सांडलेला दिसला, तर चक्र झिजले असे समजावे.

अशा वेळी अनेक घरांत थेट नवा ओपनर आणण्याचा निर्णय होतो. वास्तविक बहुतेक मॉडेलसाठी चक्र, वर्म आणि ग्रीस यांचा संच स्वतंत्र मिळतो. त्याची किंमत नव्या यंत्राच्या मानाने फारच थोडी असते. ज्याच्या घरी पेचकस आणि पाने आहेत, त्याचे हे काम एका दुपारचे.

परंतु आधी कारण शोधावे. दार पूर्ण बंद असतानाच लाल दोरी ओढून ते यंत्रापासून सोडवावे आणि हातांनी कमरेइतके उचलून पाहावे. समतोल नीट असेल तर दार तिथेच थांबते. ते जड लागले किंवा खाली येऊ लागले, तर मूळ दोष स्प्रिंगमध्ये आहे. अशा स्थितीत नवे चक्रही लवकरच झिजेल.

हात घालावा कुठे, आवरावा कुठे?

समतोल ठीक असेल तर दार बंद ठेवून प्लग काढावा. साखळी सैल करावी. तारा सोडवण्यापूर्वी त्यांचे छायाचित्र घ्यावे. मोटरच्या कपॅसिटरला स्पर्श करू नये. जुने चक्र काढून पोलादी वर्मही तपासावा. तो खरबरीत झाला असेल तर सोबतच बदलावा, नाहीतर नवे दाते तो पुन्हा खाईल. जुने ग्रीस पुसून नवे लावावे. साखळी चढवताना ती अती ताणू नये.

टॉर्शन स्प्रिंग मात्र सोडवू नये. तिच्यात इतकी शक्ती साठलेली असते की एक चूक हात मोडू शकते, जीवही घेऊ शकते. ते काम प्रशिक्षित कारागिरावर सोपवावे. स्वावलंबन म्हणजे दुराग्रह नव्हे. आपले कुठे चालते आणि कुठे चालत नाही, हे जाणणे हाही त्याचाच भाग आहे.

शेवटी परीक्षा. दाराखाली, जमिनीवर दीड इंच जाडीची फळी आडवी ठेवावी. बंद होणारे दार तिला टेकताच उलटे वर गेले पाहिजे. दाराच्या दोन्ही बाजूंची प्रकाशनेत्रेही तपासावीत. ती जमिनीपासून सहा इंचांपेक्षा उंच नसावीत. दाराखाली सापडून लहान मुले दगावल्यानंतर अमेरिकेच्या काँग्रेसने १९९० मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती ओपनरना अशी सुरक्षा बंधनकारक झाली. या परीक्षेवाचून दुरुस्ती पूर्ण झाली असे मानू नये.

श्रमाची प्रतिष्ठा

कुणी म्हणेल, एवढ्याशा चक्रासाठी एवढा प्रपंच कशाला? पैसे वाचतात हा लाभ आहेच, पण माझ्या दृष्टीने तो दुय्यम आहे. आपल्या समाजाने दीर्घकाळ लेखणीला मान दिला आणि हातोडीला दाराबाहेर ठेवले. लोहार, सुतार, चर्मकार यांच्या बोटांत पिढ्यांचे ज्ञान होते. त्या ज्ञानाला आपण ज्ञान म्हटले नाही. विश्वकर्म्याला देव मानणाऱ्या समाजाने त्याच्या वारसांना पंक्तीपासून दूर बसवले. समरसतेवर कितीही भाषणे झाली, तरी हा दोष केवळ भाषणांनी जाणार नाही. ज्याने स्वतः ग्रीसमध्ये हात बुडवले, त्याला कारागिराच्या कौशल्याचे मोल समजते. मग तो त्याच्याशी घासाघीस करत नाही, त्याला ‘अरे’ म्हणत नाही.

दुसरी गोष्ट स्वामित्वाची. जी वस्तू उघडता येत नाही, तिची मालकी अपुरीच. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्यासमोर शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे आणि वाहने हे विषय होते. हक्क कायद्याने मिळेल. पण वापरण्याचे कौशल्य आणि इच्छा नसेल तर तो कागदावरच राहील. स्वदेशीचा विचार वस्तू कुठे बनली एवढ्यावर थांबत नाही. ती जपून, दुरुस्त करून, तिचे पूर्ण आयुष्य वापरणे हेही त्यात आले.

म्हणून एक विनंती. घरातले एखादे यंत्र बिघडले तर मुलामुलींना जवळ बसवा. त्यांच्या हाती बॅटरी द्या, काढलेले स्क्रू क्रमाने मांडायला सांगा. जे काम आपल्या आवाक्याबाहेरचे असेल, त्यासाठी येणाऱ्या कारागिराला आधी पाणी विचारा, मग मुलांना त्याच्या शेजारी उभे राहून पाहू द्या. पुढच्या खंडेनवमीला त्या पेचकसावर फूल वाहताना ते कशासाठी वाहायचे, हे त्यांना सांगावे लागणार नाही.